उशीचं कडवं

कोक-साय गावात कुणाचा प्राण गेला की पहिला निरोप मोल्दोकडे धाडायचा की उपोलकडे, यावर दोन मतं होती. नमाज पढवणाऱ्या मोल्दोचं मत काय असणार ते सांगायला नको. पण खरं बोलायचं तर मोल्दोवाचून मयत अर्धा दिवस थांबलं असतं. उपोल आल्याशिवाय राहुटीतल्या बायकांची तोंडंच उघडत नसत.

पुरुषांचं बरं असतं. लोकरीच्या नमद्याच्या राहुटीबाहेर रांगेनं उभं राहायचं, काठीवर रेलायचं, पाहुणे दिसले की हंबरडा फोडायचा. त्याला अक्कल लागत नाही. बायकांना मात्र आत मयताशेजारी बसून गाऊन रडावं लागतं, तेही नात्याप्रमाणं. लेकीचं रडणं वेगळं, बहिणीचं वेगळं, शेजारणीचं तर अगदीच वेगळं, दोन कडव्यांत उरकायचं. आणि बायको असेल तर तिनं काळा रुमाल बांधून, राहुटीच्या जाळीच्या भिंतीकडे तोंड करून, जगाकडे पाठ फिरवून बसायचं. तिच्या रडण्यात एक कडवं असं असतं की ते दुसऱ्या कुणी गायचं नाही. ते उशीचं. एका अंथरुणावर दोन उशा होत्या, आता एक थंड पडली, अशा अर्थाचं.

हे सगळं उपोलला पाठ होतं आणि गावाला उपोलकडून उसनं घ्यावं लागे. ती एकोणसाठ वर्षांची, बुटकी, गोल, लोकर मळून मळून हाताला भेगा पडलेली बाई. विधवेच्या मागं बसून कानात एकेक ओळ सोडायची. दुकानदार असानकुल मेला तेव्हा त्याच्या बायकोला उशीचं कडवं हिनंच सांगितलं. खरं म्हणजे असानकुल बारा वर्षं गोठ्यात झोपत होता, बायकोच्या उशीचा रंगसुद्धा त्याला सांगता आला नसता. पण त्या बाईनं ते कडवं असं काही गायलं की गोठ्यातलं गाढवही गहिवरलं असेल.

उपोल राहायची निळ्या दरवाज्याच्या घरात, सोनुनबरोबर. सोनुन गावची ढोरडॉक्टर. उंच, सडपातळ, डोक्याला पुरुषी कानटोपी, हाताखाली खडखडणारी जुनी जीप. सत्तावीस वर्षांपूर्वी सामूहिक शेताच्या शिवणखात्यात उपोल नोकरीला आली तेव्हा तिला राहायला जागा नव्हती. सोनुन म्हणाली, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. ती खोली त्यानंतरही रिकामीच राहिली. पुढं तिच्यात लोकर ठेवायला लागले.

गावाला काय कळत नव्हतं का? गावाला गाय कधी व्याली ते गायीच्या आधी कळतं. पण कळणं वेगळं आणि बोलणं वेगळं. गाव फक्त चिडवायचं.

"उपोल एजे, नवरा कुठाय तुमचा?" विहिरीवर कुणीतरी विचारायचं.

"गाई भरवायला गेलाय," उपोल म्हणायची. "तुझ्या नवऱ्यापेक्षा त्याच्या हाताला गुण आहे म्हणतात गाई."

बायका बादल्या ठेवून हसत. संपलं. थोरल्या बहिणीला म्हणतात तशी दोघींना 'एजे' हाक होती. ईदेला पहिला चहा निळ्या दरवाज्यात, लग्नाच्या रुखवतातला नमदा उपोलच्या हातचा, अडलेल्या घोडीला सोनुनचा हात. त्या सत्तावीस वर्षांत एक शब्द असा कुणी काढला नव्हता की जो परत तोंडात घेता आला नसता.

एकदाच, चार हिवाळ्यांमागं, शेगडीजवळ पाय शेकत सोनुन म्हणाली होती, "मी गेले आणि मेदेरच्या बायकोनं मला रडून दाखवलं, तर मी उठून बसेन हं. तूच रड."

"रडेन की. फुकट थोडीच जेवलेय तुझ्या घरी."

"नीट रड. शेजारणीसारखं नको."

उपोलनं चहा ओतला. किटली खाली ठेवून म्हणाली, "बरं." एवढंच. पण ती 'बरं' म्हणाली, आणि ती जे म्हणायची ते करायची, हा तिचा एक दुर्गुण होता.

मेदेर म्हणजे मेदेरबेक, सोनुनचा धाकटा भाऊ, गावकचेरीचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता. फक्त जिल्ह्याच्या गावी जाऊन मोठ्या खुर्चीत बसायची त्याला घाई होती, आणि घाईतला माणूस कुणाच्या पायावर पाय देतो ते बघत नाही.

मग त्या शरद ऋतूत कागद आला. देशाची घटना बदलायची होती, त्यावर मत द्यायचं होतं. कलमांची यादी लांबलचक, कोर्टाचं काय, मंत्र्यांचं काय, कुणी वाचली नाही. गावाला एकच कलम समजावून सांगण्यात आलं, कारण ते समजायला सोपं होतं: लग्न म्हणजे पुरुष आणि बाईचं, दुसऱ्या कुठल्या जोडीला या देशात कधी कागद मिळणार नाही. नवा मोल्दो इलियाझ तरुण होता, बाहेरदेशी शिकून आला होता. त्यानं शुक्रवारच्या नमाजात तेच सांगितलं, आणि शनिवारी गावच्या क्लबातल्या सभेत मेदेरच्या शेजारी बसून पुन्हा सांगितलं.

"पश्चिमेकडं आज पुरुष पुरुषाशी निकाह लावतोय, बाई बाईशी. उद्या ते वारं इथं येईल. आत्ताच दार लावा."

क्लबात धूर, ओल्या कातड्याच्या कोटांचा वास. मागच्या बाकावर उपोल आणि सोनुन सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या होत्या; सभेला सगळेच जात, बाहेर थंडी होती.

"मोल्दोसाहेब, आपल्याकडं कुठं असलं काही?" एक म्हातारा म्हणाला.

तेव्हा तोल्कुन नावाच्या ट्रॅक्टरवाल्यानं जीभ सैल सोडली. "का? निळा दरवाजा आहे की!"

सगळा क्लब हसला. सवयीनं हसला, विहिरीवर हसायचा तसाच. उपोलच्या तोंडावर उत्तर आलंही होतं. पण हसू अर्ध्यात विरलं. कारण मोल्दो हसला नव्हता. त्यानं मेदेरकडं पाहिलं, आणि मेदेर समोरच्या कागदाकडं बघत कानापर्यंत लाल झाला होता. सत्तावीस वर्षांची थट्टा त्या एका क्षणात टेबलावर येऊन पडली आणि तिला नाव फुटलं.

सोनुननं हातातल्या बिया खिशात टाकल्या. "चल," ती म्हणाली. "गाय व्यायची आहे." कुणाचीही गाय व्यायची नव्हती.

त्यानंतर गुरं आजारी पडायची थांबली. निदान सोनुनला तरी बोलावणं येईना. लोक तीस किलोमीटरवरच्या डॉक्टरला फोन करू लागले. विहिरीवर उपोल आली की बायका म्हणत, "या एजे, आधी तुम्ही भरा." मान दिल्यासारखं. थट्टा कुणीच करेना. उपोलनं एकदा स्वतःच विचारलं, "काय गं, माझ्या नवऱ्याची चौकशी नाही केलीस आज?" त्या बाईची बादली हातातून सुटली.

मतदानाच्या आधीच्या मंगळवारी सकाळी सोनुन जीपला हँडल मारत असताना अंगणात बसली. उपोलला खिडकीतून वाटलं, काहीतरी शोधतेय. बाहेर येईपर्यंत कानटोपीवर बर्फ पडू लागला होता आणि ती तो झटकत नव्हती.

मेदेरनं बहिणीच्या मयताची राहुटी निळ्या दरवाज्यात उभारली नाही. आपल्या अंगणात उभारली. पाहुणे त्याचे येणार होते. जिल्ह्यातले, आणि प्रचाराला आलेला एक खासदारही. संध्याकाळी तो स्वतः उपोलकडे आला, टोपी हातात घेऊन. डोळे सुजलेले होते. रडला होता, खोटं कशाला बोलायचं.

"एजे, तुम्ही आला नाहीत तर लोक म्हणतील, आल्या का नाहीत. आलात तर म्हणतील, कोण म्हणून आल्या."

"मग कोण म्हणून येऊ, मेदेर?"

"शेजारीण म्हणून. पांढरा रुमाल बांधून, दाराजवळ बसा. दोन कडवी म्हणा. मोल्दो तर म्हणतो गाणंच नको, गाऊन रडणं पाप आहे. पण तुमचं मी त्याच्याकडून मागून घेतलंय." तो थांबला. "घर ताईच्या नावावर आहे. म्हणजे आता माझ्या. कायद्यानं तुम्ही तिच्या कुणीच नाही. पण तुम्ही नीट राहिलात तर तुम्हाला तिथून मरेपर्यंत कुणी उठवणार नाही. माझा शब्द."

उपोलनं शेगडीकडं पाहिलं. शेगडीवर दोघींच्या अंदाजानं भरलेली किटली होती.

"दाराजवळ," ती म्हणाली.

"दाराजवळ."

गुरुवारी दफन. घोडा कापलेला, कढया उकळत होत्या. राहुटीत उजवीकडं पडद्यामागं सोनुन, आणि जाळीच्या भिंतीशी मेदेरची बायको नुरझामाल नि तिच्या दोन जावा. उपोल दाराजवळ, पांढऱ्या रुमालात. थंडगार वारा तिच्या पाठीवर येत होता. मयताच्या घरात दाराजवळ कुणाला बसवतात? ज्याला लवकर उठायचं असतं त्याला.

दुपारी बाहेर गाड्या थांबल्या. खासदार आला. पुरुषांनी काठ्यांवर रेलून हंबरडा फोडला, आता आतून बायकांचा सूर उठायला हवा. नुरझामाल शहरात वाढलेली. तिनं फोनवर लिहून आणलेलं कडवं वाचायला सुरुवात केली आणि फोनचा दिवाच विझला. जावा नुसत्याच हुंदके काढू लागल्या. पाहुणा उभा आहे आणि आतून रडं नाही, याच्यासारखी अब्रू जाणारी दुसरी गोष्ट त्या खोऱ्यात नाही.

"एजे," नुरझामाल कुजबुजली, "धरा ना तुम्ही. देवासाठी."

उपोलनं धरलं. पहिलं कडवं शेजारणीचं होतं, अगदी बेतशीर: हात गुणाचा होता, दार उघडं होतं. दुसरंही तसंच. दोन झाली. थांबायचं होतं. बाहेरचे पुरुष अजून रडत होते, म्हणून आवाज पुढं गेला. गाणाऱ्याचं तसं होतं, चढावरच्या घोड्यासारखं, थांबवला तर पाय मोडतो. आणि तिसरं आलं ते हे:

बर्फाच्या दिवसांत शेगडी पेटवली,
किटली मी दोघींची भरून ठेवली.
एका अंथरुणात दोन उशा होत्या,
एक ऊब धरून, एक गार झाली.
ऊब माझ्या गालाची कुणाला देऊ मी,
गार उशीवर डोकं कसं ठेवू मी.

ती चुकली की तिनं केलं, यावर गावात आजही भांडणं होतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायकांना सांगत आली, तोंडात बसलेलं होतं, निसटलं, असं एक पक्ष म्हणतो. पण मग ते म्हणता म्हणता ती उठून, पडद्याच्या बाजूनं, नुरझामालच्या पुढं जाऊन जाळीच्या भिंतीकडं तोंड करून बसली त्याचं काय? पायही निसटले का? नुरझामालनं मात्र सरकून तिला जागा दिली, आणि तिलाही मग खरंखुरं रडू आलं.

बाहेर खासदारानं मान कलती करून ऐकलं. शहरात असला म्हणून काय झालं, त्याचे कान याच डोंगरातले होते. कडवं ओळखता येत होतं. त्याचे डोळे भरले. त्यानं मेदेरचा खांदा धरला.

"विधवा फार मनापासून रडतेय हो. असं रडणं आता ऐकू येत नाही. तिला जपा. कोण गेलं तुमचं, भाऊ?"

मेदेर काठीवर रेललेला होता.

"बहीण," तो म्हणाला.

खासदारानं हात खांद्यावरून काढला. काढला म्हणजे झटकला नाही. शेगडीवरून काढावा तसा काढला. दोन्ही रांगांतले पुरुष आपापल्या बुटांकडं बघू लागले. तोल्कुन ट्रॅक्टरवाला तर असा बघत होता की जणू बूट कालच घेतलेत. मोल्दो इलियाझ दारात गेला आणि आत न बघता म्हणाला, "पुरे. हे इस्लाममध्ये नाही." आतला आवाज लगेच थांबला नाही. ओळ पुरी झाली, मग थांबला.

जनाज्याच्या वेळी रिवाजाप्रमाणं मोल्दोनं विचारलं, "मयत कसं माणूस होतं?" सगळे एका सुरात म्हणाले, "चांगलं माणूस होतं." तेवढं खरं होतं आणि तेवढंच म्हणायला कुणाला भीती नव्हती. सोनुनला नेलं. बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून उपोल घरी आली, पेटीतून काळा रुमाल काढला आणि बांधला. बाईनं तो स्वतः बांधायचा नसतो; मयताच्या घरच्या बायकांनी बांधायचा असतो. पण तिला बांधणार कोण होतं?

मेदेर दुसऱ्या दिवशी आला. टोपी डोक्यावर होती.

"चाळिसाव्या दिवसापर्यंत राहा," तो म्हणाला.

"शब्द दिला होतास."

"तुम्हीही दिला होता."

"मी दोघांना दिला होता," उपोल म्हणाली. "तिला आधी."

रविवारी मतदान. जे म्हातारे-आजारी शाळेपर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्याकडं एक छोटी पेटी घेऊन जातात. तशी ती निळ्या दरवाज्यातही आली, कारण मेदेरला शंभरातल्या शंभर मतांचा आकडा जिल्ह्याला दाखवायचा होता आणि उपोल बाहेर पडत नव्हती. पेटी घेऊन आली होती कानिशाय, जुनी शाळामास्तरीण, आणि फाटकाशी एक पोलीस थांबला होता. कानिशाय सांगते की मी कागद द्यायलाच गेले होते, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. पण दार उघडलं तर उपोल काळ्या रुमालात, आणि पाहुणं बघून तिनं तोंड भिंतीकडं वळवलं.

आता काळ्या रुमालातली बाई भिंतीकडं वळून बसली असताना उंबरा ओलांडून कुणी "नमस्कार, सही करा" म्हणतं का? आधी रडावं लागतं. न रडता आत गेलात तर तुम्ही माणसात नाही. आणि रडलात, तर ती कोण आहे ते तुम्ही मान्य केलंत.

कानिशायनं मागं वळून पोलिसाकडं पाहिलं. तो सिगारेट पेटवत होता. तिनं मतपेटी बर्फात ठेवली आणि रडली. हळूच, फाटकापर्यंत जाऊ नये इतपत. भिंतीकडून उपोलनं तिला सूर दिला. असं दोघी थोडा वेळ.

मग कानिशायनं नाक पुसलं, पेटी आत आणली आणि कागद पुढं केला. करणार काय, पेन्शन सरकारची.

"एजे, इथं खूण करायची. हो असेल तर हो."

"आमच्याबद्दलचं कुठलंय यात?"

"सगळं एकातच आहे. वेगळं नाही करता येत."

"मग ने परत. वर्षभर काळ्यात राहायचंय मला. काळ्यातली बाई कागदाला हात लावत नाही."

"कारण लिहावं लागतं मला. मत का नाही दिलं त्याचं."

"मग लिही की. लिहिता येतं ना तुला? अर्ध्या गावाला तूच शिकवलंस."

कानिशायनं यादीत उपोलच्या नावापुढं लिहिलं: 'विधवा, शोकात.' सुवाच्य अक्षरात, शाळेच्या फळ्यावर लिहायची तसं. ही गोष्ट तिनं फक्त पाच जणींना सांगितली, म्हणजे गावभर झाली.

संध्याकाळी मेदेरनं यादी तपासली. ते दोन शब्द त्यानं पुन्हा पुन्हा वाचले म्हणतात. मग त्यावर रेघ ओढून वर लिहिलं: 'आजारी.' कागदोपत्री उपोल विधवा होती ती दुपारी दोनपासून संध्याकाळी आठपर्यंत, सहा तास. गावात जवळजवळ सगळ्यांनीच 'हो' म्हटलं होतं. रडलेल्या कानिशायनंही.

चाळिसावा झाल्यावर ती नदीपलीकडं चुलत बहिणीकडं गेली, दोन गाठोडी आणि लोकर मळायची चटई घेऊन. उशा दोन्ही नेल्या. मेदेरच्या पोरानं दरवाजा हिरवा रंगवला. वाट सांगताना लोक अजून निळाच म्हणतात. मेदेर जिल्ह्याच्या खुर्चीपर्यंत पोचला नाही. त्याचं नाव निघालं की खासदार विषय बदलायचा.

आणि उपोल? नदीपलीकडं मयत झालं की तिला बोलावतात. मोल्दो नाक मुरडतो, पण बोलावतात. ती अजून काळ्या रुमालातच येते. वर्ष होऊन गेलं, दुसरंही गेलं. वर्ष भरल्यावर मयताच्या घरच्या बायकांनी येऊन काळा रुमाल सोडायचा आणि पांढरा बांधायचा, असा रिवाज आहे. विधवेनं आपल्या हातानं तो उतरवायचा नाही. नुरझामाल एकदा पांढरा रुमाल घेऊन पुलापर्यंत गेली होती म्हणे. मेदेरनं तिला परत आणली. काळा सोडायला जायचं, तर तो कुणासाठी बांधला होता हे आधी म्हणावं लागलं असतं.

उपोलला कुणी नवखं विचारतं, "एजे, किती दिवस हे काळं?"

"त्यांना विचारा," ती नदीच्या अलीकडं, कोक-सायकडं बोट करून म्हणते. "सोडायचं त्यांनी आहे."